आदर्श साक्षीदार

"उद्या तास इथं नाही, कोर्टात," मी जाहीर केलं आणि पुस्तक मिटलं. "बरोबर अकराला हजर राहायचं. वह्या आणायच्या. आदर्श साक्षीदार कसा असतो, ते उद्या तुम्हाला प्रत्यक्ष बघायला मिळेल."

"साक्षीदार कोण आहे सर?" मागच्या बाकावरून एकानं विचारलं. सगळ्या वर्गाला ते ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. पण मला ते सांगायला आवडेल, हे त्यानं ओळखलं होतं.

"मी," मी म्हणालो.

ही गोष्ट मिरजेतली, सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीतली. आमचं लॉ कॉलेज नवीन होतं. स्वतःची इमारत नव्हती, म्हणून एका शाळेत सकाळी सात ते साडेदहा भरायचं. साडेदहाला शाळेची पोरं दप्तरं घेऊन दाराशी गर्दी करायची, त्यामुळं कायद्याचा कितीही मोठा वाद आमच्याकडं साडेदहाच्या पुढं टिकत नसे. मी पुरावा कायदा शिकवायचो. वय एकोणतीस, एलएल.एम.ला विद्यापीठात पहिला, आणि कोर्टाची पायरी आयुष्यात एकदाच चढलेलो, तीही कसल्याशा प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारून घ्यायला.

माझी शिकवण्याची रीत सोपी होती. मी सांगायचो, मुलं लिहून घ्यायची. कलम, व्याख्या, अपवाद, निवाडा. स्वल्पविरामसुद्धा मी सांगायचो. कुणी प्रश्न विचारलाच तर म्हणायचो, "तो मुद्दा पुढच्या प्रकरणात येतो." बरेचदा तो कुठल्याच प्रकरणात येत नसे.

उलटतपासणी हा माझा खास विषय. तिचे चौदा नियम मी स्वतः तयार केले होते आणि वर्गाकडून पाठ करून घेतले होते. ती कशी करू नये हे सांगायला एक उदाहरणही कायम हाताशी असे, ते म्हणजे हळिंगळे वकील. साठीचे, ढगळ कोटातले, तोंडात पान आणि बोलणं पार गावाकडचं. साक्षीदाराला ते पावसापाण्याचं, गुराढोरांचं विचारत बसतात, असं मी ऐकून होतो. त्यांना काम करताना मी एकदाही बघितलं नव्हतं.

"ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक नाही, तो उलटतपासणीत कधीही विचारू नका," मी बजावायचो. "विचारलात तर तुमचा हळिंगळे होईल."

वर्ग हसायचा. आणि उद्याच्या खटल्यात आरोपीचे वकील नेमके हळिंगळेच होते. मला तर देवानं शैक्षणिक साहित्य पुरवल्यासारखं वाटलं.

खटला अपघाताचा होता. आदल्या जुलैत, कॉलेजपासून दोन मिनिटांवरच्या चौकात, मौला शिकलगार नावाच्या कारागिराच्या सायकलला एका टेम्पोनं मागून धडक दिली होती. मौलाभाई तंबोरे बनवायचे. मिरजेत तंबोरे बनवणारे बरेच, पण त्यांच्या हातचा तंबोरा मागायला लांबलांबचे गवई यायचे. अपघातानंतर त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात मीच नेलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं हे एक चांगलं काम. ते आत्ताच सांगून ठेवतो, पुढं तसं सांगण्यासारखं फारसं नाही. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यांची मुलगी नसीम माझ्याच वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची, कमी बोलायची.

टेम्पो चालवणारा भुजंग केंगार पंचविशीतला होता. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. हॉर्न दिला, दोनदा दिला, पण सायकल बाजूला व्हायची ती उलट मध्ये आली.

"सगळे ड्रायव्हर असंच म्हणत्यात," माझा जबाब घ्यायला आलेला हवालदार मला म्हणाला. मीही जाणकारासारखी मान हलवली.

जबाब तो बराचसा लिहूनच घेऊन आला होता. बहुधा सगळ्या अपघातांना त्याचा एकच मजकूर असावा. 'टेम्पोचालकाने हॉर्न न वाजवता, भरधाव वेगाने व हयगयीने वाहन चालवून सायकलस्वारास मागून धडक दिली, ती मी समक्ष पाहिली.'

"बघा सर, बरोबर आहे न्हवं?"

मी खिशातून लाल पेन काढलं. "'हयगयीने'तला 'यी' दीर्घ हवा. 'समक्ष'ला तुम्ही पोटफोड्या ष काढलाय. आणि हे 'सायकलस्वार' एक शब्द आहे, तोडू नका."

हवालदारानं निमूटपणे चुका दुरुस्त केल्या. "आता खाली सही करा सर."

"सही घेता येत नाही तुम्हाला," मी म्हणालो. "पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. कलम एकशे बासष्ट."

तो इतका प्रभावित झाला की त्यानं मला चहा पाजला. कायद्याचं आपण किती काटेकोर पालन करतो, या समाधानात मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी नसीम वर्गाबाहेर थांबली होती. "काळजी करू नकोस," मी तिला म्हणालो, "मी स्वतः पाहिलंय सगळं."

तिनं एवढंच विचारलं, "सर, हॉर्न वाजला होता का?"

"अजिबात नाही." जबाबात तसंच होतं, आणि तो जबाब शुद्धलेखनाच्या दृष्टीनं निर्दोष होता.

तिनं क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं, कृतज्ञता.

तर त्या सकाळी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोर्टात पोचलो. माझे छत्तीस विद्यार्थी आधीच बाकांवर दाटीवाटीनं बसले होते, उरलेले भिंतीला टेकून. पोटगीसाठी आलेल्या दोन बायका जागा गेली म्हणून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या होत्या. मौलाभाईंची साक्ष मागच्याच तारखेला झाली होती, ते आले नव्हते. नसीम दाराजवळ उभी होती.

शपथ घेताना मी 'ईश्वर' शब्दावर योग्य तो भर दिला. सरकारी वकील तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. न्यायाधीश हातानं लिहून घेत होते.

"टेम्पोनं ठोकर दिली," त्यांनी लिहिता लिहिता म्हटलं.

"ठोकर नव्हे साहेब," मी म्हणालो, "धडक. ठोकर पायानं देतात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "विचारलं तेवढंच सांगा."

हा नियम मीच वर्गाला लिहून दिला होता, सातवा. दोन-तीन मुलांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मग हळिंगळे उठले. तोंडात पान नव्हतं, बहुतेक माझा मान म्हणून.

"नमस्कार सर. माझं शिक्षण तुमच्यावानी न्हाई. काय चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या."

मुलं हसली. मीही मोठ्या मनानं हसलो.

"कॉलेज किती वाजता सुटतं?"

"साडेदहाला."

"त्या दिवशीबी?"

"रोजच. शाळेची मुलं बाहेर उभी असतात."

"आणि धडक झाली दहा चाळीसला, असं कागदात हाय. कॉलेजपासनं चौक किती लांब?"

"दोन मिनिटं."

"म्हंजे आठ मिनिटं शिल्लक ऱ्हायली. ती कुठं गेली?"

"मी चौकात उभा होतो."

"रिक्षाची वाट बगत?"

"नाही."

"कुणाला भेटायचं हुतं?"

"नाही. सहज."

"सहज," हळिंगळ्यांनी कौतुकानं मान डोलावली. "बरं असतं सहज उभारणं. मीबी उभारतो. कुणाच्या दारात उभारला हुता?"

सरकारी वकील उठले. "साहेब, याचा खटल्याशी काय संबंध?"

"साक्षीदार कुठं हुता ह्याचा संबंध न्हाई, तर मग कशाचा हाय?"

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"फोटो स्टुडिओच्या दारात," मी म्हणालो.

"त्येची काचेची शोकेस हाय. आत फोटो लावल्यात. कुणाकुणाचे हायत?"

"लग्नातली जोडपी. लहान मुलं."

"आणिक?"

भिंतीकडच्या मुलांत खुसखुस सुरू झाली. मिरज काही फार मोठं गाव नव्हे.

"आणि एक माझा."

"काळ्या गाऊनमधला, गळ्यात पदक. मी बगून आलोय, लई झ्याक आलाय. आता सांगा सर, त्यो फोटो बगायचा तर रस्त्याकडं तोंड करावं लागतं का पाठ?"

आता मलाही हे सांगायलाच हवं. पदवीदानाचा तो फोटो स्टुडिओवाल्यानं वर्षभरापूर्वी शोकेसमध्ये लावला होता, आणि तेव्हापासून कॉलेज सुटलं की मी रोज त्याच्यासमोर थांबत होतो. पाच मिनिटं, कधी दहा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की जोडप्यांचे फोटो बघतोय. टेम्पो मी पाहिलाच नव्हता. धाडकन आवाज झाला तेव्हा वळलो, आणि वळलो तेव्हा मौलाभाई रस्त्यात पडलेले होते. पण सात महिन्यांत ती हकिकत मी इतक्यांदा सांगितली होती की टेम्पो मला खरोखरच येताना दिसू लागला होता. त्याचा वेग दिसत होता, भुजंगचा बेफिकीर चेहरासुद्धा दिसत होता. मी स्वतः कुठं तोंड करून उभा होतो, तेवढंच त्या चित्रातून गळालं होतं.

"पाठ," मी म्हणालो. आणि लगेच म्हणालो, "पण काचेत..."

"काचेत काय?" न्यायाधीशांनी विचारलं. त्यांचं पेन थांबलं होतं. छत्तीस पेनं थांबली होती.

वाक्य तयार होतं. 'काचेत मागचा रस्ता स्पष्ट दिसतो.' त्यात खोटं काही नव्हतं. दिसतोच. कुणीही बघितला तर दिसतो. एवढं बोललो असतो तर माझी साक्षही टिकली असती आणि अब्रूही. शिवाय मुलांना काचेतल्या प्रतिबिंबावर एक नवं टिपणही देता आलं असतं.

मी भुजंग केंगारकडं बघितलं. तो पिंजऱ्यात दोन्ही हात पुढं बांधून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. या माणसाशी आपलं काही वैर नाही, मग हा असं का सांगतोय, एवढंच त्याला कळत नव्हतं.

"काचेत मी माझा भांग बघत होतो," मी म्हणालो.

जे काही हसू झालं ते न्यायाधीशांनी टेबलावर पेन आपटून थांबवलं. हळिंगळे मात्र हसले नाहीत. ते दोन पावलं पुढं आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, आता एक विचारतो. ह्येचं उत्तर मला ठाऊक न्हाई. धडक व्हायच्या आदी तुमच्या कानावर काय आलं?"

"हॉर्न," मी म्हणालो. "दोनदा. दुसरा चांगला लांब. मला त्याचा रागसुद्धा आला होता."

"झालं साहेब," म्हणून हळिंगळे खाली बसले. मग वळून का बघितलं नाही, पोलिसांना असं का सांगितलं, त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या चौदा नियमांपैकी एकही त्यांनी पाळला नव्हता.

पण सरकारी वकिलांनी काही मला सोडलं नाही. ते तावातावानं उठले आणि त्यांनी साक्षीदाराला फितूर ठरवून उलट तपासायची परवानगी मागितली. ती मिळाली. सरकारच्या बाजूचा साक्षीदार सरकारच्याच विरुद्ध बोलला की त्याला फितूर म्हणतात, हे मी आदल्याच महिन्यात वर्गाला उदाहरणासह लिहून दिलं होतं. उदाहरण एका दारुड्याचं होतं.

"'हॉर्न न वाजवता' असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं की नाही?"

"ते त्यांनी लिहून आणलं होतं."

"तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं. दुरुस्त्याही केल्या होत्या."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कसल्या दुरुस्त्या?"

"ऱ्हस्वदीर्घाच्या, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाही. माझे विद्यार्थी खाली माना घालून भराभर लिहीत होते. मी न सांगता त्यांनी काही लिहून घेतल्याचं मी प्रथमच बघत होतो.

बाहेर आलो तेव्हा व्हरांडा रिकामा होता. मुलं मागच्या दारानं गेली होती. त्यांनी माझ्यावर केलेली ती दया होती. पायऱ्यांखाली, टंकलेखकांच्या टेबलांपाशी, नसीम एकटी उभी होती.

"सर, हॉर्न खरंच वाजला होता?"

"हो."

"दोनदा?"

"दोनदा. नसीम, मला माफ कर. मी..."

"अब्बांनी मागच्या तारखेला सांगितलं, हॉर्न ऐकू आला नाही," ती म्हणाली. "ते खोटं नव्हतं सर. त्यांना उजव्या कानानं काहीच ऐकू येत नाही. डाव्यानंही कमीच. पाच वर्षं झाली."

मला कळायला जरा वेळ लागला. "अगं, पण ते तर तंबोरे..."

"म्हणूनच कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाकडनं तंबोरा कोण घेईल? तारा ते लावतात, ऐकते मी. गिऱ्हाईकाला वाटतं, मी नुसती शेजारी बसलेली असते."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत." तिनं वही एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रोज साडेदहाला अब्बा मला चौकात भेटायचे. आम्ही बाजारात चालत जायचो. सायकल त्यांच्या हातात आणि मी त्यांच्या उजव्या बाजूला. त्या दिवशी तुम्ही मला थांबवलंत. मागच्या आठवड्याची टिपणं माझ्याकडं नव्हती, ती व्हरांड्यात बसून उतरवून काढ, मगच घरी जा, म्हणालात. अब्बांनी थोडा वेळ वाट बघितली आणि सायकलवर बसून निघाले."

मला ते आठवेना. अशी टिपणं मी रोज कुणाला ना कुणाला उतरवायला लावायचो.

"मी सारखा तोच विचार करायची, मी असते तर त्यांना बाजूला ओढलं असतं. मग तुम्ही म्हणालात, हॉर्न वाजलाच नाही. तेव्हा वाटलं, मग मी असते तरी मला काय कळणार होतं? टेम्पो मागून आला, न वाजवता आला." ती म्हणाली. "सात महिने मला झोप लागत होती सर."

"नसीम, ती टिपणं मी..." मी म्हणालो.

"आज तुम्ही खरं बोललात, ते बरंच झालं. त्या ड्रायव्हरची बायको परवा आमच्याकडं येऊन रडून गेली," नसीम म्हणाली. बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मग ती गेली.

भुजंग पुढच्या महिन्यात निर्दोष सुटला. मौलाभाईंच्या भरपाईचा दावा वेगळीकडं चालू होता, तो यथावकाश विमा कंपनीशी तडजोड होऊन मिटला. मला 'फितूर सर' हे नाव त्याच आठवड्यात पडलं आणि निवृत्तीपर्यंत टिकलं. माझ्या निरोपसमारंभात एका माजी विद्यार्थ्यानं माईकवरूनसुद्धा तेच घेतलं. शोकेसमधला फोटो काढून टाका, असं मी स्टुडिओवाल्याला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "असू द्या सर, आता तर लोक मुद्दाम बघायला येतात."

पुढच्या वर्षी मी हळिंगळ्यांच्या घरी गेलो आणि उलटतपासणीचे तास त्यांनी घ्यावेत, अशी विनंती केली.

"मी काय शिकवणार?" ते म्हणाले. "मला एकबी नियम येत न्हाई."

"मला चौदा येतात," मी म्हणालो.

ते आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना वह्या मिटायला सांगितल्या, एकाला उभं केलं आणि त्याच्या गावाकडच्या म्हशीबद्दल विचारायला लागले. अर्ध्या तासात तो पोरगा चार वेळा स्वतःचंच म्हणणं खोडून मोकळा झाला होता. मी मागच्या बाकावर बसून हे बघत होतो. नसीम आज जिल्हा न्यायालयात वकिली करते. कुठला प्रश्न विचारायचा नाही हे तिला पक्कं कळतं, अशी तिची ख्याती आहे. ऐकीव नव्हे, मी जाऊन बसून पाहिलंय.

पण त्या वेळचं एक सांगायचं राहिलं. साक्षीनंतर आठेक दिवसांनी मी मौलाभाईंच्या दुकानात गेलो. आता ते हयात नाहीत, म्हणून हे सांगायला हरकत नाही.

कॉलेज सुटलं होतं, पण नसीम कामासाठी बाहेर गेली होती. दुकान म्हणजे एक लांबोडी खोली, छताला वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले आणि लाखेचा वास. मौलाभाई चटईवर भिंतीला टेकून बसले होते, कुबड्या शेजारी. मला बघून त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"या सर, बसा. इथं, या बाजूला."

मी त्यांच्या डाव्या अंगाला बसलो. येताना सगळी वाक्यं मनात जुळवून आणली होती. "मौलाभाई, कोर्टात मी..."

"पोरगं सुटंल म्हणतात वकील," ते म्हणाले. "बरं होईल. टेम्पो घेऊन बाजारातनं कोण गप्प येईल? काहीतरी वाजवलंच असणार त्यानं."

"मग तुमच्या साक्षीत..."

"मला विचारलं, ऐकू आला का? नाही म्हणलं." त्यांनी मांडीवरचा तंबोरा सरळ केला. "नसीमला लई लागलंय. तिला सांगितलं मी, बेटी, एवढी वर्षं मला सांभाळलंस, एक दिवस नव्हतीस. त्यात काय? पण तिला ते पटत नाही अजून."

मी मान खाली घातली. त्यांनी तंबोऱ्याच्या तारेवरून बोट फिरवलं. खोलीभर आवाज पसरला.

"जरा सांगा सर, लागलाय का बरोबर? नसीम दुपारी येणार, आणि गिऱ्हाईक आत्ता यायचंय."

'वा, उत्तम' हे शब्द माझ्या जिभेवर आलेसुद्धा. मैफलींना मी पहिल्या रांगेत बसायचो, योग्य जागी मान हलवायचो. कुठली जागा योग्य, ते शेजारच्याकडं बघून ठरवायचो.

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकलो. "मौलाभाई, मला यातलं काहीच कळत नाही."

ते हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. "मग सोपं काम देतो. मी तार छेडतो. तुम्ही बोट वर करा आणि डोळे मिटा. आवाज सरला की बोट खाली घ्या. किती वेळ बोलते तार, ते मला कळंल."

त्यांनी तार छेडली. मी बोट वर केलं आणि डोळे मिटले. आधी तो आवाज सगळीकडं होता, मग भोपळ्यात होता, मग बारीक होत होत मुंगीएवढा झाला. बाहेर कुणीतरी खाट ओढत होतं. आता सरला, असं वाटून मी बोट खाली घेणार, तोच कळलं, अजून आहे.

मी बोट तसंच धरून ठेवलं.